पातळ मासिक कोण वाचतं?

३ मार्च, सोमवार

त्या माणसाने आजही एक पान उलटलं नाही!

मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. आला. चष्मा पुसला. कोपऱ्यातल्या मांडणीवरून जाडजूड अंक उचलले, टेबलावर रचले आणि त्यांच्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसला. मग उठला, ढीग तसाच टाकला आणि चालता झाला! वाचायचं नाही तर काढता कशाला हो? भाजीवालीसुद्धा म्हणते, घ्यायचं नसेल तर चिवडू नका.

कुठेतरी पाणी मुरतंय.

मी इथे कशी, तेही लिहून ठेवते. बाथरूममध्ये पाय घसरला, घोटा सुजून टम्म. मुलगा परगावी नोकरीला, नात शाळेत, सूनबाई कॉलेजात. "आई, तुम्हाला एकटीला घरी ठेवून मला काम सुचायचं नाही," म्हणाली आणि सोबतच घेऊन आली. कॉलेजच्या लायब्ररीतला मासिकांचा विभाग तिच्याकडे. मोठ्या ग्रंथपालांची परवानगी काढली, खिडकीजवळ हातांची खुर्ची दिली, पायाखाली स्टूल. वर पंखा! माणसं येतात, जातात, कुजबुजतात, पुस्तकाआड जांभया देतात. इतकी मजा मला कुणाच्या लग्नातही आली नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, रोज कॉलेजात जाते म्हटल्यावर शेजारणीचं तोंड बघण्यासारखं झालं.

ही वही नातीने दिली. "आजी, तिथे बोलायचं नसतं. तुझी बडबड यात कर." कार्टी! पण बरोबर ओळखलंन.

४ मार्च, मंगळवार

सूनबाईच्या कपाळाला आठ्या. डबा खाताना खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. कॉलेजने मासिकांवरचा खर्च कापायला सांगितलाय. कुठली चालू ठेवायची, कुठली बंद, ते महिनाअखेर समिती ठरवणार, आणि कागद सगळे हिने तयार करायचे. (मी मासिक म्हणते. ती म्हणते, "आई, जर्नल म्हणा, काही तर वर्षातून तीनदाच येतात." वर्षातून तीनदा येतो तो पाहुणा!)

मी म्हटलं, सोपं आहे, महागडी आधी बंद कर. तर तेच म्हणे करता येत नाही! मोठ्या कंपन्या गठ्ठा विकतात. शंभरातली दहा हवीत? मग शंभरही घ्या. मधलं एक काढू म्हटलं तर करार आडवा येतो. म्हणजे चांगल्या बटाट्यांबरोबर किडकेही पिशवीत, आणि वर पिशवीला गाठ मारलेली! मग सुरी फिरते कुणावर? जी एकेकटी येतात, बारक्या बारक्या मंडळांची, त्यांच्यावर. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे नुसतं ओलंच जळणार.

"मग त्यांतली ठेवायची कुठली?"

"जी वाचली जातात ती."

"आणि कोण काय वाचतं हे तुला कसं कळतं? स्वप्नात येतं?"

तर त्याची एक रीत आहे. टेबलावर पाटी लावलीय — वाचून झालेले अंक परत ठेवू नयेत, टेबलावरच राहू द्यावेत. संध्याकाळी किल्लीवाले भाऊ फिरतात. टेबलावर जे सापडेल त्याच्या नावापुढे पेन्सिलीने रेघ मारतात आणि मग अंक जागेवर लावतात. रेघा झाल्या तर मासिक जगलं. रेघ नाही — गेलं.

माझा घास हातातच राहिला. लख्ख उजेड पडला! तो ढीगवाला! वाचायला काढतच नाही तो — रेघा पिकवतोय!

सूनबाईला सांगितलं तर म्हणते, "आई, ते फार मोठे सर आहेत. शेवाळावर अख्ख्या जगात त्यांचं नाव आहे."

शेवाळावर! आमच्या मोरीत यायचं तेव्हा आम्ही घासून काढायचो.

"तुम्हाला सगळीकडे चोर दिसतात," असंही म्हणाली. दिसतात, कारण असतात!

६ मार्च, गुरुवार

किल्लीवाले भाऊ म्हणजे इथले जुने शिपाई. कमरेला जुडगा, चालले की खुळखुळ. निवृत्तीला आलेत. उजव्या हातावर भाजल्याचा डाग. बोलतात गोड, पण नजरेला नजर देत नाहीत. नजर चुकवणाऱ्याला मी कधी उसनी साखरसुद्धा दिलेली नाही.

तर आज काय झालं! दुपारी बाजूचं छोटं दार — ते कधीच कुणासाठी उघडत नाही, सगळ्यांनी पुढून यायचं, कार्ड दाखवायचं — ते भाऊंनी हळूच उघडलं. एक बाई आत आली. चाळिशीची. पायांत पांढरे बूट. तिने यांच्याकडे बघून मान हलवली, यांनी तिच्याकडे बघून हलवली. या वयात! असो, मला काय करायचंय.

(करायचंय.)

बाई थेट खालच्या फळीपाशी गेली, एक पातळ मासिक काढलं आणि टेबलाशी बसून वाचायला लागली. वाचायला म्हणजे वाचायलाच! बोट ओळीवर, ओठ हलतायत, जगाचं भान नाही. मध्येच पिशवीतून कापडाची पट्टी काढली आणि आपल्याच डाव्या हाताच्या बोटांना गुंडाळू लागली. सगळ्या बोटांना मिळून नाही, एकेका बोटाला वेगळी. पुन्हा सोडली. पुन्हा मासिकात बघितलं. पुन्हा गुंडाळली. मंत्रतंत्र करते की काय!

पण जाताना त्या बाईने मासिक पदराने पुसलं आणि होतं तिथे कडा जुळवून ठेवलं. शिकलीसवरलेली पोरं पसारा टाकून जातात, आणि ही बघा. कुठली का असेना, घरचं वळण आहे हो! माझ्या सुनेला मी लग्नानंतर पहिलं हेच शिकवलं — हात लावलेली वस्तू जागच्या जागी.

७ मार्च, शुक्रवार

केलं!

भाऊ चहाला गेले, सूनबाई आतल्या खोलीत फोनवर. मी काठी टेकत उठले आणि शेवाळवाल्या सरांचा अख्खा ढीग, थोडे थोडे अंक करत, परत मांडणीवर लावून टाकला. जड किती! शेवाळावर एवढं लिहायला आहे काय? घोटा ठणकतोय, पण मन कसं फुलासारखं हलकं. संध्याकाळी भाऊ आले, टेबल बघितलं — स्वच्छ! रेघ नाही! मी खिडकीतून चिमण्या बघत होते.

१० मार्च, सोमवार

सरांनी पुन्हा ढीग केला. मी पुन्हा मोडला. जाताना माझ्या खुर्चीशी थांबून विचारतात, "आजीबाई, पायाचा त्रास कमी आहे ना?" चोराच्या मनात चांदणं! मी म्हटलं, "पाय सुधारतोय. हात चांगले चालतात."

समजलं नसावं.

१२ मार्च, बुधवार

पांढऱ्या बुटांची आज परत आली. तेच छोटं दार, तीच मान. तेच पातळ मासिक, तीच पट्टी. गेल्यावर मी हळूच जाऊन ते काढून बघितलं. भाषा परकी. पण चित्र कळायला भाषा कशाला लागते? लहान मुलाचा हात. कातडी कशी आक्रसलेली, मेणबत्ती वितळल्यासारखी. बघवेना. मिटून ठेवलं.

मग भाऊंना सहज विचारलं, "ती मघाशी आली होती, पांढऱ्या बुटांची — कोण हो?"

"कोण, मावशी? छोट्या दाराने कुणी येत नाही."

मी दाराचं नाव तरी काढलं होतं का!!

डोळ्यांदेखत खोटं. याचा अर्थ दोहोंतलं एक — एकतर प्रेमप्रकरण, नाहीतर चोरी. पण चोरी करायला येणारी बाई मासिक पुसून का ठेवेल? आणि प्रेमप्रकरण असतं तर एवढं मन लावून वाचलं असतं का? मी तरी नसतं वाचलं.

या सगळ्या लोकांत एकटी तीच वाचते. बाकीचे मोबाइल मासिकात लपवून बघतात. ते पातळ मासिक राहिलं पाहिजे बाई. मोठ्यांची गाठोडी सांभाळायला कंपन्या आहेत, याला कोण आहे?

१४ मार्च, शुक्रवार

आज तिच्याकडे बघून छान हसले. ती हसली नाही. माझ्या वहीकडे बघत होती. मग पट्टी न काढताच उठली.

१७ मार्च, सोमवार

ती आली नाही. टेबलंही ओस. परीक्षा जवळ आल्या असतील. शेवाळवाले सर एकटेच हजर, ढिगासकट.

१८ मार्च, मंगळवार

आजही नाही. छोटं दार बंद. भाऊ दोनदा त्या दारापाशी जाऊन आले, बाहेर डोकावले, परत आले. मी विचारलं, "कुणाची वाट बघताय?" तर म्हणाले, "वारा येतो का बघत होतो." वारा म्हणे!

माझा संशय सरांवर आहे. त्यांनीच तिला काहीतरी बोलून घालवली असणार. एक मासिक मेलं की दुसऱ्याला जागा होते.

१९ मार्च, बुधवार

सूनबाई रेघा मांडत बसली होती. मी शेजारी.

"आई, खालच्या फळीवरचं ते पातळ, भाजलेल्यांच्या उपचाराचं. त्याला एकही रेघ नाही. ते जाणार."

"जाणार कसं? ती वाचते की!"

"ती कोण?"

"पांढऱ्या बुटांची."

"नाव? विभाग?"

"ते ठाऊक नाही. पण वाचते. बोट ठेवून वाचते."

"मग ते कधी टेबलावर का सापडलं नाही?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. ती परत जागेवर ठेवते ना! कडा जुळवून! ज्याने पान उलटलं नाही त्याचा ढीग टेबलावर, आणि जिने अक्षर न् अक्षर वाचलं तिचं नाव नाही, गाव नाही. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं.

"एक रेघ मार की गं," मी म्हटलं. "मी साक्षीला आहे."

"आणि समितीला काय सांगू? सासूबाई म्हणाल्या?" ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "तसं एकदा केलं ना आई, तर मग प्रत्येकाची सासू येईल."

खरं आहे. खरं असलं तरी रुचत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

शेवाळवाले सर तावातावाने आले. आपल्या मासिकांना रेघा किती ते त्यांनी विचारलं असणार, कारण आल्या आल्या आवाज चढवला — "मी रोज काढतो! रोज टेबलावर असतात! रेघा गेल्या कुठे?" सूनबाईने भाऊंना बोलावलं. भाऊ म्हणाले, टेबलावर नव्हते साहेब. सर म्हणाले, "मग माझे डोळे गेले का? हा माणूस काम न करता घरी जातो!" सूनबाई बिचारी मध्ये. तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, खरं सांगा, फिरता ना रोज?" भाऊ गप्प. मान खाली. एक शब्द नाही! निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? मलाच क्षणभर वाटलं, याचंच काहीतरी आहे. मग ध्यानात आलं, अगं बाई, रेघा तर मीच खाल्ल्यात!

चोर सोडून संन्याशाला सुळी. उठले.

"भाऊंना बोलू नका. ढीग मी मोडत होते."

सूनबाईचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. रागावली असती तर बरं होतं.

सर माझ्याकडे वळले. "का पण, आजीबाई?"

"तुम्ही एक पान तरी उलटलंत का? मी बघत होते!"

मला वाटलं आता खोटं बोलतील. तर खुर्ची ओढून समोर बसले. "माझे वाचून झालेले असतात ते. येतात त्याच दिवशी वाचतो. मग रोज मांडून ठेवतो. वाढलेलं ताट दिसलं तर एखादं पोर बसेल, असं वाटतं. शेवाळ शिकायला आता कुणी येत नाही हो."

"म्हणजे रेघेसाठी नाही?"

चष्मा पुसत म्हणाले, "रेघेसाठीही."

माणूस लबाड निघाला असता तर जेवण तरी गेलं असतं.

२२ मार्च, शनिवार

सूनबाई बोलत नाही. "आई, चहा" एवढंच. नात आमच्या दोघींच्या मध्ये बसून कपाळावर हात मारते, "आजी, तू कॉलेजात जाऊन मस्ती केलीस?" केली गं बाई.

संध्याकाळी सूनबाई स्वतःच येऊन बसली. ग्रंथपालांना तिने आपणहून सगळं सांगितलंय. माझं नाव नाही लपवलं, स्वतःचंही नाही. परवानगी काढून बसवलेल्या घरच्याच माणसाने असं केलं म्हणून तिला ऐकून घ्यावं लागलं. या महिन्याच्या रेघा रद्द. आता समितीने ठरवलंय, एकेकट्या मासिकांपैकी ज्याच्यासाठी वाचणारा माणूस समोर येऊन सांगेल, 'मी वाचतो, अमुक कामासाठी वाचतो', ते राहील. कोणीही माणूस चालेल, मोठा असो की छोटा. शेवाळासाठी सर येणार. पातळ मासिकासाठी —

"तुमच्या त्या वळणाच्या बाईला शोधा आता," सूनबाई म्हणाली. "गुरुवारी बैठक आहे. ती आली तर मी स्वतः तिला खुर्ची देईन."

राग गेला असं नाही. पण खुर्ची म्हणाली. आता पाय मोडला तरी चालेल, शोधून काढते!

२५ मार्च, मंगळवार

पांढरे बूट, भाजलेला हात — कॉलेजसमोर रस्त्यापलीकडे इस्पितळ आहे, मला आधीच सुचायला हवं होतं. काठी टेकत गेले. चौकशीच्या खिडकीत विचारलं, भाजलेल्यांचा वॉर्ड कुठे? म्हणाले जिना चढा. चढले. कठड्याला धरून, दर वळणावर देवाचं नाव घेत.

दारातूनच दिसली. एका पलंगाशी वाकलेली. पलंगावर एवढीशी पोरगी, आमच्या नातीपेक्षा लहान. तिच्या हाताला पट्टी बांधत होती — प्रत्येक बोटाला वेगळी! पोरगी ती पांढरी बोटं बाहुल्यांसारखी नाचवत होती आणि एकेका बोटाला नाव देत होती. करंगळीचं नाव 'मावशी' ठेवलं होतं. मी तिथेच उभी राहून हसले.

बाईने वर बघितलं. चेहरा राखेसारखा झाला.

मला दंडाला धरून जिन्यात घेऊन आली. "आजी, माझी तक्रार इथे करायला आलात?"

"कसली तक्रार गं?"

"तुम्ही लिहायच्या ना वहीत. कोण येतं, काय काढतं. बघायच्या आणि लिहायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं, कॉलेजने आजीबाई बसवलीय लक्ष ठेवायला."

"सगळ्यांना?"

"म्हणून तर पोरं यायची बंद झाली तिथे."

परीक्षा! मी परीक्षा म्हटलं होतं!

"मी तर कॉलेजची नव्हेच," ती म्हणाली. "माझ्याजवळ कार्ड नाही. इथे हे मासिक येत नाही. वाचलं की पुसून होतं तिथे ठेवायचे. कुणी आलं होतं हे कळूच नये म्हणून."

मी त्याला वळण म्हणत होते. भीती होती ती.

मी म्हणाले, "अगं, मी आपली हौस म्हणून लिहायचे. नातीने वही दिली." म्हणाले खरी. पण लिहीत काय होते? तिचे बूट, तिची पट्टी, छोटं दार, भाऊंची मान! तिचंच तर लिहीत होते. तिचा संशय तेवढा खरा निघाला, माझे सगळे खोटे.

मग बैठकीचं सांगितलं. नुसतं येऊन दोन वाक्यं बोल. मासिक वाचेल. माझी सून खुर्ची देणार आहे तुला. ऐकताना डोळे असे चमकले तिचे! "येते," म्हणाली. "या पोरीचंच सांगते. पूर्वी आम्ही सगळी बोटं एकत्र बांधायचो, ती चिकटायची. त्या मासिकात वाचून —" आणि थांबली.

"विचारतील, आत कशी येत होतीस."

तिने जिन्यात वरखाली बघितलं आणि आवाज उतरवला.

"तुमच्या किल्लीवाल्या भाऊंच्या हातावर उकळतं पाणी पडलं होतं. पट्टी मीच करायचे. पट्टी करताना सहज बोलले, समोर तुमच्याकडे येतं ते मासिक, आम्हाला बघायलाही मिळत नाही. म्हणाले, दुपारी दार उघडून देतो, या. फार भला माणूस आहे, आजी. निवृत्तीला आलाय. आता या वयात त्यांच्या पोटावर पाय देऊ?"

शुक्रवारी भाऊ का गप्प उभे होते ते आत्ता कळलं. रेघांबद्दल तोंड उघडलं असतं तर दाराचीही चौकशी झाली असती.

"आणि मासिक?" मी विचारलं.

"आहे तेवढं पाठ झालंय. पुढच्या अंकात काय येईल ते —" तिने हात झटकल्यासारखा केला. आतून पोरगी हाक मारत होती, 'मावशी' हलत नाहीये म्हणून. ती गेली.

जिना उतरायला फार वेळ लागला.

२८ मार्च, शुक्रवार

बुधवारी सूनबाईने विचारलं, "भेटली का ती?" मी म्हटलं, "नाही गं. कुठे शोधणार एवढ्या गावात."

काल बैठक झाली, आज यादी लागली. शेवाळ राहिलं. पातळ मासिक बंद. सूनबाई चपला काढता काढता म्हणाली, "आई, मलाही वाईट वाटलं हो. पण ते वाचणारं कुणी खरंच होतं, असं काही दिसलं नाही."

मी म्हटलं, "हो का."